फुटामागे एक सूत

मित्रांनो, मी एक जुना गुण्या आहे. सुतार ज्याने काटकोन आखतो, ते हत्यार. माझी मूठ शिसवीची, पाते पोलादाचे. म्हसवडच्या नाथाजी सुतारांच्या आजोबांनी मला घडवले. साठ वर्षे मी नव्वद अंश दाखवले. कमी नाही, जास्त नाही. लोक म्हणत, ‘नाथाजीचं दार बिजागरीविना बी उभं ऱ्हाईल.’ हे अर्थातच खरे नव्हते. पण ऐकायला बरे वाटे.

१९७२ साली माणदेशात पाऊस झाला नाही. त्या खंडेनवमीला हत्यारांची पूजा चालू असताना मी पाटावरून घसरलो आणि दगडी उंबऱ्यावर मुठीवर आदळलो. नाथाजींनी मला उचलून कपाळाला लावले.

“आवं, पडलाय त्यो. एकदा तपासा की,” त्यांची बायको मनुबाई म्हणाली.

“आज पुजलाय त्याला, आन् लगेच परीक्षा घिऊ? देवाला कवा मापत्यात व्हय, खुळे?”

माझ्यात फुटामागे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, फरक पडला होता. डोळ्यांना तो दिसत नव्हता.

काम नसल्याने नाथाजी मला घेऊन माधवनगरला गेले. तिथे हातमागाचे सांगाडे करणारा एक कारखाना होता. पहिला सांगाडा चौरस बसला, तर कायमची नोकरी. नाही तर दुष्काळी कामावर खडी फोडणे. माझ्या पात्याला लावून त्यांनी रेघ मारली. मी आतून ओरडत होतो. लाकडाला, लोखंडाला आवाज नसतो. करवत माझ्या खोट्या रेघेवरून तंतोतंत चालली.

कारखान्याचे सुकुमार पाटील यांनी सांगाड्याचे दोन्ही कर्ण मोजले. पाऊण इंचाचा फरक निघाला.

“मिस्त्री, गुण्या द्या बघू. एक रेघ मारू, मग तो उलटा ठेवून त्याच जागी दुसरी मारू. दोन्ही जुळल्या नाहीत तर दोष त्याचा. मिनिटाचं काम आहे.”

द्या, मी म्हणत होतो. द्या मला!

नाथाजींनी मला पिशवीत घातले. “त्यो चुकत न्हाई, साहेब. आज्याचा हाय. माझंच हात गेलं असतील.”

“अहो, हात कशाला जातील? आत्ता तर केसासारखी रेघ मारलीत!”

“न्हाई साहेब. गेलंच.”

आता नाथाजी खडी फोडतात. संध्याकाळी आपले हात उलटसुलट करून बघत बसतात. काल मनुबाईने मोडकी चौकट पुढे ठेवली, तर म्हणाले, “दुसऱ्या कुणाला दे. मला न्हाई जमायचं.”

मित्रांनो, ज्या वस्तूवर तुमचा सर्वांत जास्त विश्वास आहे, ती आधी तपासा. तपासणे म्हणजे अपमान नव्हे. तीच आमची निगा. तपासण्यात माझे काहीच गेले नसते. नाथाजींचे हात मात्र वाचले असते. ते आजही अचूक आहेत, आणि हे ठाऊक असलेला मी एकटाच आहे.