निळ्या कासवाचं कार्ड

लॅमिनेशनच्या मशीनचा हिरवा दिवा लागला तसे रुद्रप्पांनी हात रुमालाला पुसले, कार्ड कडांनी धरून प्लास्टिकच्या पाकिटात सरकवलं आणि पाकिटाचं बंद टोक आधी मशीनमध्ये घातलं. उघडं टोक आधी गेलं तर हवा अडकते आणि फुगे येतात, हे त्यांना पंचवीस वर्षांच्या धंद्यानं शिकवलं होतं. पाकीट सावकाश आत गेलं आणि पलीकडून गरम, कडक, चकचकीत होऊन बाहेर आलं. एकही फुगा नव्हता. हाताला खुपू नयेत म्हणून त्यांनी चारी कोपरे कात्रीनं गोल कापले आणि कार्ड उजेडात धरलं. निळं कासव, आणि त्याच्या पाठीवर लालभडक आग. आता पन्नास वर्षं तरी या कासवाला काही होत नाही, असं म्हणून त्यांनी ते गल्ल्यात ठेवलं.

कार्ड शिवशरणचं होतं. रुद्रप्पांचा हा एकुलता एक मुलगा बंगळूरला एका विमा कंपनीत कामाला होता. आईच्या पहिल्या पुण्यतिथीला आला, त्यानंतर दोन वर्षं घराकडं फिरकला नव्हता. भांडण वगैरे काही नव्हतं. बाप-लेकांमधलं बोलणं त्याची आई, गिरिजाबाईच चालवायच्या, त्या गेल्या आणि दोघांकडंही शब्दांचा खडखडाट झाला. महिन्यातून एकदा फोन यायचा. तब्येत बरी हाय का, जेवलाव का, ठेवतो मग. रुद्रप्पा नंतर बराच वेळ फोन हातातच धरून बसायचे.

पण या सोमवारी शिवशरण चांगला वीस मिनिटं बोलला. लहानपणी मामानं सिंगापूरहून आणलेल्या खेळाच्या कार्डांतलं निळं कासव घरात कुठं आहे का, असं तो विचारत होता. एक जण त्याचे तीन लाख द्यायला तयार होता.

“तीन लाख? पुठ्ठ्याच्या तुकड्याला?”

“पहिल्या छपाईत चूक झालती, अप्पा. कासवाच्या पाठीवर दुसऱ्याच कार्डाची आग छापून गेली. कंपनीनं लगेच सुधारलं. पण तेवढ्यात थोडी पाकिटं विकून झालती. त्यातली बी पोरांनी खेळून खेळून फाडली. आता राहिलीत ती मोजकी. म्हणून भाव.”

“आमच्याकडं चुकलेली झेरॉक्स गिऱ्हाईक तोंडावर फेकून जातंय.”

शिवशरण हसला. रुद्रप्पांनी फोन कानाशी आणखी जवळ धरला.

“सापडलं तर कळवा. मीच येतो न्यायला. कुरिअरचा भरोसा न्हाय.”

रुद्रप्पांनी त्या दुपारी दुकान उघडलंच नाही. माळ्यावरचं सगळं खाली काढलं. गिरिजाबाईंच्या ट्रंकेत, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, कार्ड सापडलं. जसंच्या तसं, नवं कोरं. त्यांनी लगेच फोन लावला आणि शिवशरण म्हणाला, रविवारी येतो. मग मंगळवारी रुद्रप्पांनी जमेल तेवढा जीव लावून ते लॅमिनेट केलं. मौल्यवान कागदाचं दुसरं काय करतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. सोलापुरातल्या किती घरांचे जन्मदाखले आणि गुणपत्रिका त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या.

बुधवारी शेजारच्या टायपिंग सेंटरमधली अंकिता सुटे पैसे मागायला आली. रुद्रप्पांना कुणाला तरी सांगायचंच होतं. त्यांनी गल्ल्यातून कार्ड काढून तिच्यापुढं ठेवलं, किंमतही सांगितली. तिनं ते उलटंसुलटं करून पाहिलं, मोबाइलवर काहीतरी शोधलं आणि गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली.

“काका, हे लॅमिनेट तुम्ही केलंत?”

“मग? तीन लाखांचा माल हाय.”

अंकितानं मोबाइल त्यांच्यापुढं धरला आणि हळूहळू समजावून सांगितलं. अशी कार्डं आधी तपासायला पाठवतात. भिंगाखाली कोपरे बघतात, कडा बघतात, दहापैकी गुण देतात. नखाचा ओरखडा निघाला तरी किंमत निम्म्यावर येते. कुणाचा हात लागलेला नाही, त्याचेच तर पैसे. गरम प्लास्टिक चिकटलेलं कार्ड कुणी घेत नाही.

“काढता येईल का हे?” तिनंच विचारलं, आणि विचारल्यावर तिलाच कसंसं झालं असावं. ती सुटे पैसे न घेताच गेली.

रुद्रप्पांना उत्तर पाठ होतं. रोज दहा गिऱ्हाइकांना ते सांगायचे, सही राहिली असेल तर आधी करून आणा, एकदा केलेलं परत निघत नसतं.

तीन लाख गेल्याचं त्यांना वाईट वाटलंच, खोटं कशाला बोला. पण त्याहून मोठी धास्ती रविवारची होती. खरं सांगितलं तर शिवशरण कशाला येईल? आणि न सांगता बोलावलं तर पोराला फसवल्यासारखं होणार. गुरुवारी मनाचा हिय्या करून त्यांनी फोन लावला.

“बोला अप्पा.”

“शेंगाची चटणी आणून ठेवू का, रविवारला?”

“ठेवा की.”

त्यांनी चटणी आणली, कडक भाकरी आणल्या, नवी चादर आणली. शुक्रवारी पुन्हा फोन लावला आणि पुन्हा भलतंच विचारून ठेवून दिला.

रविवारी सकाळी शिवशरण आला. पाठीवर एक सॅक होती. कानशिलांवर चाळिशीच्या आतच पांढरे केस आले होते आणि ते रुद्रप्पांना फोनवर कधी कळले नव्हते. त्यांनी आमटी स्वतः केली होती, जरा खारट झाली होती. शिवशरण दोनदा मागून जेवला. मग नव्या चादरीवर आडवा झाला आणि दुपारभर मेल्यासारखा झोपला. वारा त्याच्यावर यावा म्हणून रुद्रप्पांनी पंख्याखालचं स्टूल दोनदा सरकवलं. कार्डाचं त्यानं नावही काढलं नव्हतं.

सातची गाडी होती. चार वाजता चहाबरोबर रुद्रप्पांनी कार्ड त्याच्यासमोर ठेवलं आणि भिंतीकडं बघत बोलून टाकलं.

“हे मीच केलंय. चांगलं राहावं म्हणून केलं. वाटोळं झालंय हे मला बुधवारीच कळलं. तुला सांगितलं न्हाय. सांगितलं असतं तर तू आला नसतास.”

शिवशरणनं कार्ड उचललं. गोल कापलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

“एक बी फुगा न्हाय,” तो म्हणाला. मग कार्ड खाली ठेवून त्यानं कप हातात घेतला. “अप्पा, ते गिऱ्हाईक मंगळवारीच गेलं.”

“गेलं म्हंजे?”

“परदेशात कुटल्या तरी गोदामात ह्याच चुकलेल्या कार्डांची सीलबंद खोकी सापडली. शेकड्यांनी. भाव खाली आला. आता कोण विचारत न्हाय.”

“मंगळवारी कळलं तुला?”

“व्हय.”

“मग आलास कशाला?”

शिवशरणनं कपातला चहा गोल गोल फिरवला.

“गेल्या वर्षात दोनदा तिकीट काढलं हुतं,” तो म्हणाला. “दोन्ही टायमाला रद्द केलं. दारात पाऊल ठेवल्या ठेवल्या तुमी विचारणार, काय काम काढलंस. मला सांगायला काय न्हवतं. आई असताना यायला काम लागत न्हवतं.”

खोटं नव्हतं ते. दुकानाच्या फळीशी येणाऱ्या प्रत्येकाला ते हेच विचारायचे, आणि गिरिजाबाई गेल्यावर घराच्या दारातही त्यांनी हेच विचारलं होतं. पोराला इतकं लागलं असेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. काम नसलं तरी येत जा, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. पण असलं वाक्य त्यांनी जन्मात कधी उच्चारलं नव्हतं, ते आता एकदम कुठून येणार? ते उठले आणि कपबशा विसळायला लागले.

स्टेशनवर गाडी वेळेवर लागली. शिवशरण वाकून पाया पडला, डब्यात चढला आणि खिडकीशी येऊन बसला. रुद्रप्पा गजांना धरून उभे राहिले. चटणीची पुडी सॅकमध्ये वर ठेव, तेल सुटतंय, असं त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं. सिग्नल पडला.

“शिवू,” ते एकदम म्हणाले, “गच्चीवरची टाकी गळायलीय.”

शिवशरणनं त्यांच्याकडं पाहिलं. टाकी सकाळी त्यानं बघितली होती, अंघोळीनंतर कपडे वाळत घालताना. टाकीखाली सगळं कोरडं ठणठणीत होतं.

“लई गळायलीय का?”

“लई. पुढच्या महिन्यात येऊन बघ जरा. हितं प्लंबर मिळंना.”

“येतो की. कितीसा वेळ लागंल?”

गाडी हलली. रुद्रप्पा खिडकीबरोबर चालू लागले.

“पाणी आल्याबिगर गळती कळायची न्हाय,” ते म्हणाले. “आन पाणी हितं चार दिवसांनी येतंय.”

“मग चार दिवस तर धरावेच लागतील,” शिवशरण म्हणाला.