पालथी वाटी

“दाजी, राग मानू नका, पण तुमच्या साबणाला फेस येत नाही.”

माझा धाकटा भाऊ मोरीपाशी उभा राहून हे बोलला आणि माझ्या हातातला चहा हिंदकळला. आमच्या घरात एक वेळ देव नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. साबणाला नावं ठेवायची सोय नव्हती. आमचे हे दाढीच्या साबणाच्या कारखान्यात फेस तपासतात. असलं कामही जगात असतं हे मला लग्न झाल्यावर कळलं. माझ्या वडिलांनी ‘मुलगा कारखान्यात मोठ्या जागेवर आहे’ एवढंच सांगून वेळ मारून नेली होती.

काम असं. साबणाचा नवा लॉट निघाला की त्यातल्या दोन गोल वड्या ह्यांच्या टेबलावर येतात. हे ब्रश कोमट पाण्यात भिजवणार, झटकणार, वडीवर घोळवणार, मग पितळी वाटीत थेंब थेंब पाणी घालत मनगटाने फिरवत राहणार. फेस झाला की वाटी पालथी धरायची आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत फेस खाली पडला नाही तर लॉट पास. पडला तर अख्खा लॉट परत कढईत. कारखान्यात ह्यांना सगळे फेसकाका म्हणतात. मी मनातल्या मनात आणखी बरंच काही म्हणते.

“तुझी घाई नडते,” हे भावाला म्हणाले. आवाज एकदम शांत, म्हणजे पारा चढलेला. “ट्रकचं स्टिअरिंग फिरवतोस तसा ब्रश फिरवत असशील.”

“सगळ्या बाजूंनी फिरवला हो. नुसतं पाणी पाणी होतंय. गालाला लावेपर्यंत वाळून जातंय.”

“आण इकडे.”

खोटं कशाला सांगू, ह्यांना फेस करताना बघत राहावंसं वाटतं. एरवी खिळा ठोकायला सांगितला तर भिंतीचा पोपडा काढतील, पण ब्रश हातात आला की माणूसच बदलतो. आधी मोठाले बुडबुडे आले, धुण्याच्या बादलीत येतात तसले. मग ते बारीक झाले. मग दिसेनासेच झाले आणि वाटीत दाट, चकचकीत साय धरल्यासारखा फेस उभा राहिला. ह्यांनी वाटी सरळ माझ्या भावाच्या डोक्यावर पालथी धरली. एक थेंब पडला नाही.

“बोल. दोष कोणाचा?”

मी भावाला डोळ्यांनी खुणावत होते, गप्प बस म्हणून. पण तो पडला ड्रायव्हर माणूस.

“दाजी, हा तुमचा हात आहे. साबण नाही. रस्त्यावर कुठेही गाडी लावा, ड्रायव्हर लोक ह्या वडीला शिव्या घालतात. तीन वर्षं झाली, मी इथे आलो की तुमची वडी ओली करून ठेवतो आणि खिशातली क्रीमची ट्यूब लावतो. म्हटलं, तुम्हाला वाईट नको वाटायला.”

ह्यांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. आता भांडण वाढणार, हे मला दिसत होतं. मी वाटी धुतली आणि ब्रश हातात घेतला.

“थांबा दोघं. मी करते. माझ्याइतका अडाणी हात तुम्हाला गावात मिळायचा नाही. मला जमलं तर तू चूक, आणि विषय बंद.”

मला भावालाच खोटं पाडायचं होतं. हे सांगतील तसं सगळं केलं. भिजवलं, झटकलं, घोळवलं. हे थेंब मोजून पाणी घालत होते. मनगट दुखायला लागलं. शेवटी वाटी पालथी केली तर सगळं फटकन मोरीत. मला हसू आलं. भाऊही हसला.

हे हसले नाहीत. आत गेले आणि माझी साड्यांची ट्रंक उघडली. दर वर्षीच्या पहिल्या लॉटची एकेक वडी ह्यांनी त्यात जपून ठेवलेली, प्रत्येकीवर सालाची चिठ्ठी. माझ्या सगळ्या साड्यांना आयुष्यभर दाढीचा वास. त्यातली अकरा वर्षांपूर्वीची वडी घेऊन आले.

“आता हिच्यावर कर.”

तीच वाटी, तोच ब्रश, तेच पाणी. मी मघाच्या निम्मीसुद्धा मेहनत केली नव्हती आणि फेस वर यायला लागला. दाट, चकचकीत. माझ्या हातून! मला आनंद व्हायला हवा होता, पण अंगावर काटाच आला. वाटी पालथी धरली. पाच मिनिटं झाली. फेस जागचा हलला नाही.

“ताई, मी जरा गाडी बघून येतो,” असं म्हणून भाऊ सटकला. मला कुठे सटकता येणार! ह्यांनी एकेक साल माझ्यापुढे ठेवलं आणि मी एकेक वाटी फेस केला. दहा वर्षांपूर्वीची टिकली. आठ वर्षांपूर्वीची टिकली. सहा वर्षांपूर्वीची चार मिनिटांत पडली. त्यानंतरच्या दर वर्षीच्या वडीला वेळ कमी कमी होत गेला. दुपारी माझं मनगट सुजलं तेव्हा कुठे हे थांबले.

“सगळं मीच पास केलंय,” हे म्हणाले. “सहा वर्षं.”

“अहो, पण तुमच्या हातून फेस यायचा ना? तुम्ही खोटं थोडंच केलं?”

“तेच तर. कारखान्याने दर वर्षी चरबी थोडी कमी केली, खडूची पांढरी भुकटी थोडी वाढवली. आणि हा हात दर वर्षी थोडं जास्त घोळवत गेला, पाणी थोडं कमी घालत गेला. मला पत्ताच नाही. हातच सांभाळून घेत राहिला गं.”

मग माझ्याही डोक्यात उजेड पडला. ह्यांच्या बरोबरचे दोन तपासनीस चार वर्षांपूर्वी काढून टाकले होते. त्यांच्याकडे लॉट नापास व्हायचे. ह्यांचं निवृत्तीचं वय उलटलं तरी कारखान्याच्या साहेबांनी दोनदा नोकरीची मुदत वाढवली. ‘काका, तुमच्यासारखा हात नाही,’ असं साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, तेव्हा मी शेजारपाजारी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. साहेबांना सगळं माहीत होतं. ते हाताचंच कौतुक करत होते, आम्हीच ते माणसाचं समजलो. माझं पित्त खवळलं. कोणावर, ते मात्र कळेना.

मंगळवारी मोठे खरेदीदार यायचे होते. वसतिगृहांना, दवाखान्यांना माल पुरवणारे. त्यांच्यासमोर फेस करून दाखवायचं काम ह्यांचंच. ते झालं की तिसऱ्यांदा मुदत वाढणार, दोन वर्षं. नाही झालं तर कारखान्याने राहायला दिलेल्या ह्या दोन खोल्या महिनाअखेर खाली.

“मी साधा फेस करणार,” हे म्हणाले. “कुठलाही माणूस घाईत करेल तसा. पडू दे त्यांच्यासमोर.”

“आणि आपण जायचं कुठे?”

हे वड्या सालाप्रमाणे परत ट्रंकेत लावायला लागले. मी दोन दिवस भांड्यांवर राग काढला. पण मंगळवारी सकाळी ह्यांचा शर्ट इस्त्री करताना काय झालं कोण जाणे, मी म्हणून गेले, “पडू द्या. बघू आपण काय ते.” आयुष्यभर ह्या माणसाच्या कामाची मी चेष्टा केली. त्या सकाळी पहिल्यांदा मला त्याचा अभिमान वाटला.

संध्याकाळी हे आले, चपला काढल्या आणि खिशातून कागद काढून माझ्या हातात दिला. दोन वर्षं मुदतवाढ. खाली साहेबांची सही.

“म्हणजे? फेस पडला तरी?”

“नाही पडला.”

ह्यांनी पाणी मागितलं. अर्धा तांब्या घटाघटा प्यायले.

“ठरवल्यासारखंच केलं सगळं. ब्रश नीट भिजवला नाही. पाणी एकदम ओतलं. पंचवीस वेळा फिरवला आणि थांबलो. वाटीत नुसते बुडबुडे. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. वाटी पालथी करायची, एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात खरेदीदारांतला एक जण दुसऱ्याला कोपर मारून हसला. म्हणाला, म्हाताऱ्याच्याने होत नाही आता.”

“मग?”

“मग हात परत फिरायला लागला. मी थांबवायला हवा होता. नाही थांबवला. वाटी दहा मिनिटं पालथी धरली. पाच नाही, दहा. टाळ्या वाजवल्या त्यांनी.”

“त्या एका हसण्यासाठी?” मी ओरडलेच. “दवाखान्यातली आजारी माणसं हा खडू गालाला लावणार, आणि तुम्ही कोणा टिनपाटाच्या हसण्यासाठी...”

“हो,” हे म्हणाले.

इतकं सरळ म्हणाले की मी हातातल्या कागदाची घडी घालायला लागले. आणि खरं सांगायचं तर मला ओरडायचा काय अधिकार होता? कागद वाचल्यावर आधी मला हायसं वाटलं होतं. खोल्या राहिल्या, असंच पहिलं मनात आलं. राग त्याच्या मागून आला.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी दाढी केली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, चार दिवसांत विसरतील. आता चार महिने झाले, चांगली बोटभर पांढरी दाढी वाढली आहे. कोणी विचारलं तर ‘कातडीला सोसत नाही आता’ म्हणतात. साहेब म्हणाले, काका, शोभते हो तुम्हाला. मला मेलीला ती मुळीच आवडत नाही.

रविवारी मी शिवणाची कात्री घेते आणि ह्यांना उजेडात खुर्चीवर बसवते. हे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसतात, हनुवटी वर करून. परवा कातरता कातरता मी विचारलं, आठवड्यात किती लॉट आले?

“नऊ.”

“सगळे पास?”

ह्यांची हनुवटी खाली झुकायला लागली.

“हलवू नका डोकं,” मीच मग म्हटलं, आणि कानाखालचे केस कापायला घेतले.