थंड ठेवा, गोठवू नका

मी एक जुनी सेंट्रिफ्यूज आहे, मित्रांनो. नाव जड वाटत असेल तर सोडून द्या. गरगर फिरणे हेच माझे काम आणि तोच माझा स्वभाव. काही माणसांच्या पायाला भिंगरी असते. माझ्या पोटातच ती बसवलेली आहे. सध्या मी अमेरिकेच्या उत्तरेला, मोठ्या सरोवराकाठी वसलेल्या डुलुथच्या एका इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टशेजारी उभी आहे. कपाळावर पिवळी चिठ्ठी आहे: 'भंगार'. मला घेऊन जाणारी माणसे लिफ्टची वाट बघत आहेत, आणि लिफ्ट काही येत नाही. नुसते उभे राहणे मला जन्मात जमलेले नाही. म्हणून तेवढ्यात माझी गोष्ट सांगून टाकते.

दक्षिणेकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पोलादी पोट, जाड झाकण, आत एक वजनदार चाक आणि चाकात नळ्या ठेवायला तिरक्या खाचा. पोट सतत गार ठेवण्याची सोयही केलेली. इथे आले ती थेट व्हेराच्या हाती पडले. व्हेरा झुपानचिच ही इथली प्रयोगशाळा सांभाळणारी बाई. ती मला 'म्हातारी' म्हणते. मी नवी कोरी होते तेव्हाही म्हणायची, त्यामुळे मला कधी राग आला नाही.

तुम्ही शाळेत पेशीचे चित्र काढता ना? मधोमध केंद्रक, आजूबाजूला तंतुकणिका, लयकारिका, सगळे रंगवून आणि बाण दाखवून. चित्रात ते सारे गुमान बसलेले असतात. खऱ्या पेशीत कोणी स्वस्थ बसत नाही. सतत काहीतरी बनते, मोडते, इकडून तिकडे जाते. या गर्दीतून प्रत्येकाला वेगळे काढणे हे माझे काम. व्हेरा मांसाचा इवलासा तुकडा साखरेच्या गार पाण्यात घालायची आणि काचेच्या नळीत हलक्या हाताने घोटायची. साखर हवीच. नुसत्या पाण्यात पेशीतल्या पिशव्या पाणी पिऊन फुगतात आणि फुटतात. मग मी आधी हळू फिरायचे. केंद्रके सर्वांत जड, ती तळाशी बसत. वरचे पाणी दुसऱ्या नळीत घेऊन मी जोरात फिरले की तंतुकणिका बसत, तपकिरी चिखलासारख्या. दिसायला हा चिखल, पण तुम्ही खाल्लेला घास जाळून शरीराला शक्ती देतो तो हाच. त्यांच्यासोबत थोड्या लयकारिकाही येत. त्यांच्या पोटात पाचक रस असतो आणि पेशीतला कचरा त्या पचवतात. प्रथिने बनवणारे रायबोसोम मात्र इतके हलके की वर तरंगतच राहत. ते खाली बसवायला माझ्याहून जोरात फिरणारी लागते. मला ते फार लागायचे, पण इलाज नव्हता.

माझ्या दोन खोडी सांगते. नळीसमोर तेवढ्याच वजनाची दुसरी नळी ठेवली नाही तर माझ्या अंगाचा तिळपापड होतो. एकदा एका नवख्या डॉक्टरने एकच नळी ठेवून मला चालू केले. मी धडधडत टेबलाच्या काठापर्यंत चालत गेले आणि तो बिचारा दाराबाहेर पळाला. दुसरी गोष्ट थांबण्याची. मला ब्रेक आहे, पण व्हेरा तो कधी लावत नसे. फिरणे संपले की मला माझी मी थांबू द्यायची. ते हळूहळू थांबणे मला असह्य व्हायचे.

पुढे नवी सेंट्रिफ्यूज आली. तिला चकचकीत पडदा होता आणि तिचे सगळेच कौतुक करीत. माझ्या झाकणावर कॉफीचे मग आले, व्हेराच्या अक्रोडाच्या रोलचा डबा आला. मी आतल्या आत चरफडत होते. त्या हिवाळ्यात नवीचे झाकण बंद होईना आणि दुरुस्ती करणारा बर्फात अडकला, तेव्हा कुठे माझ्यावरचा डबा उचलला गेला. आणि त्याच आठवड्यात वेस्ली निस्कानेन आला.

वेस्ली उत्तरेकडच्या एका खाणीच्या गावात रस्त्यांवरचा बर्फ हटवणारा ट्रक चालवतो. त्याची मुलगी आयली अकरा वर्षांची. ती चार पायऱ्या चढली तरी गळून जायची. तिच्या स्नायूतल्या तंतुकणिका नीट काम करतात का, ते तपासायचे होते. गावातल्या दवाखान्यात तिच्या मांडीतून एक तुकडा काढला. तो त्याच दिवशी, जिवंत असताना आमच्याकडे यायला हवा होता. पण बर्फामुळे इस्पितळाची गाडी निघेना. वेस्ली म्हणाला, रस्ते मीच साफ करतो, मीच नेतो. तिथल्या नर्सने डबा देताना सांगितले, "थंड ठेवा." तो धापा टाकत आला आणि डबा व्हेरासमोर ठेवून हसला.

व्हेराने डबा उघडला, नळी हातात घेतली, हलवून पाहिली. आत काही हलले नाही.

"निस्कानेन, हा डबा कुठे ठेवला होता?"

"मागे. ट्रकच्या उघड्या हौद्यात. पुढे हीटर चालू होता ना! नासला असता."

"बाहेर उणे तीस आहे!"

"म्हणून तर! हरणाचं मांस, मासे, सगळं आम्ही मागेच टाकतो. आजवर कधी काही बिघडलं नाही."

व्हेराने कपाळाला हात लावला. तिचाही भाऊ मासे मागेच टाकतो, त्यामुळे ओरडायला तिला तोंड नव्हते. "अहो, ते मांस मेलेलं असतं," ती म्हणाली. "हे जिवंत होतं."

"मग वितळवा की."

"या थंडीत दुधाची बाटली रात्रभर ओसरीवर राहिली तर काय होतं?"

"फुटते."

"यात तशाच बारीक बारीक पिशव्या आहेत. त्या सगळ्या फुटल्या. पाचक रस होते तेही सांडले. आता वितळवलं तर ते उरलंसुरलं खाऊन टाकतील."

वेस्ली मटकन स्टुलावर बसला. त्याने टोपी काढली आणि हातात पिळत राहिला. "म्हणजे तिला पुन्हा कापायचं?"

"हो."

"आज ती जराही रडली नाही हो. मला एवढंच म्हणाली, आता कळेल ना, मी आळशी नाही ते?" त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली. "आळशी हा शब्द माझाच. आइस हॉकीत ती मधेच बसायची, तर मी सगळ्या पोरींसमोर ओरडायचो, 'ऊठ, हिवाळ्यातलं झोपलेलं अस्वल!' आता अख्खी शाळा तिला अस्वल म्हणते."

व्हेराने अक्रोडाच्या रोलचा जाड काप कापून त्याच्या हातात दिला. इकडे माझा जीव कासावीस झाला होता. माझे पोट गार होऊन तयार होते आणि त्यात घालायला काहीच नव्हते.

दोन आठवड्यांनी, नवीचे झाकण अजून बिघडलेलेच असताना, बाप मुलीला घेऊन आमच्याच इमारतीत आला. आयली प्रयोगशाळेत डोकावली तेव्हा मी तिला प्रथम पाहिले. भुवया पांढुरक्या, तोंड मात्र तिखट.

"या वेळी दुसऱ्या मांडीतून घ्यायला सांगितलंय," ती व्हेराला म्हणाली. "निदान दोन्ही सारख्या तरी होतील."

हे ऐकून मला ती फार आवडली. मलाही दोन्ही बाजू सारख्या लागतात.

तुकडा काढला आणि डबा पुन्हा वेस्लीनेच उचलला. कोणाला हात लावू देईना. चाळीस-पन्नास पावलांचा व्हरांडा, पण तो डबा कोटाच्या आत, छातीशी धरून पावले मोजत आला.

"उबवताय काय? अंडं नाही ते!" व्हेरा म्हणाली. "बाहेर काढा. आत बर्फ आहे, तेवढं पुरे."

व्हेराने तुकडा घोटला, समोरची नळी तोलून ठेवली, झाकण लावले. मी फिरले, मित्रांनो! आधी हळू, मग जोरात. इतक्या वर्षांत एवढ्या ओढीने मी फिरले नव्हते. मांडीला पट्टी बांधलेली आयली चाकांच्या खुर्चीत बसून ऐकत होती आणि वेस्ली माझ्यासमोर येरझारा घालत होता.

"संपलं ना? उघडा की झाकण!"

"फिरतेय अजून ती."

"ब्रेक नाही का हिला?"

"आहे. पण लावला तर खाली बसलेलं सगळं पुन्हा ढवळतं. तिची ती थांबेल."

वेस्ली उभा राहिला. आम्ही दोघे सारखेच अस्वस्थ होतो. मला थांबायचे नव्हते आणि त्याला थांबवत नव्हते. पण मी थांबले. तळाशी तपकिरी थर बसला होता, इवलासा, पण जिवंत.

तो थर तपासणी करणाऱ्या डॉ. हेडलुंड बाईंनी बंद कुपीत सोडला, त्याला खाणे दिले. निरोगी तंतुकणिका असल्या की त्या प्राणवायू भराभर घेतात आणि कुपीतला प्राणवायू दाखवणारी पडद्यावरची रेघ झपाझप खाली उतरते. बाईंनी एका निरोगी माणसाची रेघ शेजारी ठेवली होती. ती उताराला लागली होती. आयलीची रेघ जवळजवळ आडवीच चालली.

बाई आयलीसमोर खाली बसल्या. "तुझ्या पेशींना घास पोचतो गं, पण तो नीट जळतच नाही. शक्ती कमी पडते. तू दमतेस ते खरं आहे."

"खरं खरं?"

"खरं खरं. यावर जादूचं औषध नाही. पण कसं खायचं, कधी थांबायचं, ते आपण शिकू."

वेस्ली लेकीच्या खुर्चीशी गुडघ्यावर बसला. "मी तुला..."

"अस्वल म्हणालात."

"हो."

"झोपलेल्या अस्वलाला कोणी उठवत नाही, बाबा. इथे राहून तुम्हाला एवढंही माहीत नाही?"

मग मात्र तो तिच्या खांद्यावरच्या शालीत तोंड खुपसून रडला, आणि ती त्याच्या टकलावर थोपटत राहिली.

ती माझी शेवटची मोठी फेरी. आता नवीचे झाकण नीट लागते आणि माझ्या कपाळावर चिठ्ठी लागली आहे. मित्रांनो, जाता जाता एवढेच मागते. यंत्रांची काळजी घ्या, त्यांच्या डोक्यावर कॉफी सांडू नका. आणि कोणी मागे पडत असेल तर त्याला ओरडण्याआधी विचारा. तुमच्याआमच्या आत, पेशीपेशीत काय चालले आहे ते वरून दिसत नाही.

थांबा, व्हरांड्यात कोण येते आहे ते बघा. वेस्ली आणि आयलीच! तपासणीला आली असतील. आयली चालते आहे. खिडकीपाशी ती थांबली. पूर्वीचा वेस्ली असता तर "चल गं" म्हणाला असता. आज तोही थांबला आणि काचेला नाक लावून सरोवराकडे बघू लागला.

"काय बघताय, बाबा?"

"जहाज."

"कुठंय जहाज? बर्फ आहे सगळीकडे!"

"वितळला की येईल. मी आहे इथेच."

ती हसली आणि भिंतीला टेकून निवांत श्वास घेऊ लागली. इकडे लिफ्टचा दिवा लागला आहे. आयुष्यभर मी घाई केली, पण आता वाटते, लिफ्टने जरा उशीर करावा.