पुसायचे फोटो

फुमिए सकाळी इस्पितळात वारली आणि दुपारी अंत्यविधी करणाऱ्या कंपनीचा नोझावा घरी येऊन बसला. फुलं कुठली, पेटी कुठली, भिक्षू कुठल्या देवळातून बोलवायचे, हे सगळं फुमिएच्या धाकट्या बहिणीनं, त्सुयाकोनं, त्याच्याशी बोलून ठरवलं. फुमिएचा नवरा तात्सुओ कुरोइवा नुसता मान हलवत होता. पलीकडच्या खोलीत फुमिएला उत्तरेला डोकं करून निजवलं होतं, तोंडावर पांढरं फडकं होतं, आणि उदबत्तीचा वास इकडे येत होता. मग नोझावानं अगदी सहज विचारलं, वेदीवर ठेवायला फोटो कुठला देताय? उद्या संध्याकाळी लोक दर्शनाला येतील, परवा दहन. फुलांच्या मधोमध तो फोटो लागणार आणि लोक त्यालाच हात जोडणार. बोलता बोलता त्याची नजर भिंतींवरून फिरली आणि तो थोडासा हसला. म्हणाला, तुमच्याकडे काय, निवडायचीच पंचाईत होणार.

भिंतींवर सगळ्या आगगाड्या होत्या. बर्फातून येणारी, पुलावरची, भातखाचरांच्या पाण्यात उलटी दिसणारी. खाली काचेचं कपाट, आत लेन्सांना बुरशी लागू नये म्हणून हवा कोरडी ठेवणारं यंत्र, आणि त्यात हातभर लांबीच्या लेन्सा तान्ह्या पोरासारख्या मऊ कापडात गुंडाळलेल्या. तात्सुओकडे बायकोचा लग्नानंतरचा एकही फोटो नव्हता.

आता हे कुणाला खरं वाटायचं? नागाओकाच्या पाणीखात्यातून निवृत्त झालेला हा माणूस, हयातभर गळ्यात कॅमेरा. गाड्यांचे लाखावर फोटो, प्रत्येकाच्या दोन-दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर, कारण एक डिस्क बसली तर काय घ्या! गावच्या रेल्वे-फोटो मंडळात त्याचा दबदबा होता. कुठलीही जुनी गाडी मोडीत निघणार असली की हे लोक तिच्या शेवटच्या फेऱ्या टिपायला धावतात. बाकीचे शौकीन त्यांना चेष्टेनं 'मयताला जाणारे' म्हणतात आणि हेही हसून घेतात. तर अशा माणसाकडे बायकोचा फोटो नाही. ती त्याच्याबरोबर जायची नाही म्हणावं, तर तसंही नाही. ती प्रत्येक खेपेला होती. प्रत्येक गाडीच्या आधी तिचाच फोटो निघायचा.

त्याचं असं आहे. बर्फ पडायला लागला की कॅमेऱ्याचा आपोआप लागणारा फोकस बावचळतो, गाडी सोडून मधल्या बर्फाच्या कणाला धरतो. गाडी तर डोळ्यांसमोरून दोन-तीन सेकंदांत निघून जाते. म्हणून मुरलेले लोक गाडी कुठे टिपायची ती जागा आधी ठरवतात, फोकस तिथे हातानं लावतात आणि लेन्सच्या रिंगला चिकटपट्टी मारून टाकतात. पण सगळीकडे पांढरंफेक असताना फोकस लावायचा तरी कशावर? तात्सुओ तो बायकोवर लावायचा. फुमिए बिनफाटकाच्या क्रॉसिंगवर जाऊन उभी राहायची. आधी राखाडी रंगाचा एक पुठ्ठा तोंडासमोर धरायची, कारण बर्फाच्या उजेडाला कॅमेरा फसतो आणि त्या पुठ्ठ्यावरून त्याला ताळ्यावर आणता येतं. मग हा ओरडायचा, "अगं, खाली घे, इकडे बघ." ती बघायची. हा एक फोटो घ्यायचा, मागच्या पडद्यावर तिचा डोळा दहापट मोठा करायचा, पापणीचा केस न् केस सुटा दिसला की पट्टी मारायचा. "हं, हो बाजूला." ती बाजूला व्हायची आणि थर्मासमधून सगळ्यांना चहा ओतायची.

सगळ्यांना म्हणजे खरंच सगळ्यांना. कॅमेऱ्याच्या तिवया लावून रांगेत उभे असलेले मंडळाचे लोक तात्सुओच्या बायकोवर आपापला फोकस लावून घ्यायचे. "वहिनी, जरा आमच्यासाठीही थांबा," अशी गंमत चालायची आणि ती थांबायची, पाय गारठून बधिर होईपर्यंत. नंतर तो चाचणीचा फोटो जागच्या जागी पुसून टाकायचा, अशी मंडळाची शिस्त होती. मंडळाचे गुरू इगाराशीसेनसेई नव्या माणसाला पहिली गोष्ट शिकवायचे ती ही, की कॅमेऱ्याच्या कार्डावर केर घेऊन घरी जाऊ नये. चौकटीत माणूस आला तर त्यालाही ते केरच म्हणायचे. ह्या शिस्तीचा तात्सुओला केवढा अभिमान!

नोझावा गेल्यावर शोधाशोध सुरू झाली. लग्नातला एक फोटो होता, पण त्यातली मुलगी आणि पलीकडच्या खोलीतली बाई ह्यांचा एकमेकींशी काही संबंध राहिला नव्हता. फुमिएला मोटार चालवता येत नव्हती, म्हणजे लायसन्सवरचा फोटोही नाही. फोन दोघांचेही जुने, घडीचे, त्यांतही एक फोटो नाही. त्सुयाकोच्या अल्बममध्ये आईच्या वर्षश्राद्धाचा एक घोळक्यातला फोटो मिळाला, त्यात फुमिए कुणा मामाच्या खांद्याआड, एक डोळा आणि अर्धं कपाळ एवढीच. त्सुयाकोनं अल्बम मिटला आणि भिंतीवरच्या नारिंगी डब्याच्या गाडीकडे बोट दाखवून विचारलं, भावोजी, हिचे किती असतील? तात्सुओ म्हणाला, असतील चार-पाच हजार.

मग त्यानं मंडळातल्या एकेकाला फोन लावले. आधी प्रत्येकानं हळहळून घेतलं आणि मग फोटोचं विचारल्यावर प्रत्येकाचं एकच उत्तर. होते की, वहिनींचे तर ढिगानं होते, पण काय करणार, पुसले. एकानं तर शपथेवर सांगितलं, की आपण कार्डावर एकही फालतू फोटो ठेवत नाही, आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन बिचारा माफी मागत सुटला. तात्सुओला त्याचा राग आला नाही. रागवायला तोंड कुठे होतं?

शेवटचा फोन इगाराशीसेनसेईंना. त्यांनी मात्र एक प्रश्न विचारला, की शेवटचं कार्ड कुठे आहे? फेब्रुवारीत आपण त्या नारिंगी गाडीला गेलो होतो, त्यानंतर ते वापरलंस का?

वापरलं नव्हतं. फेब्रुवारीतल्या त्या खेपेनंतर तीन आठवड्यांतच फुमिए स्वयंपाकघरात कोसळली होती आणि मग इस्पितळ ते घर, घर ते इस्पितळ. कॅमेरा पिशवीतून बाहेर निघालाच नव्हता. तात्सुओच्या अंगात एकदम जीव आला. पुसलेला फोटो लगेच नाहीसा होत नाही, हे ह्या लोकांना पक्कं ठाऊक असतं. कार्डावरून त्याचं नाव तेवढं जातं. त्या जागेवर दुसरा फोटो पडेपर्यंत तो आत तसाच असतो. मंडळात दर वर्षी कुणीतरी घाईत भलतं बटण दाबतो आणि मग सेनसेईंच्या पाया पडतो, त्यामुळे असले फोटो वर काढण्यात म्हाताऱ्याचा हात बसलेला. तासाभरात ते काळा टाय लावून, लॅपटॉप घेऊन हजर झाले. आधी पलीकडे जाऊन उदबत्ती लावली, वाकून नमस्कार केला आणि मग टेबलाशी बसले.

पडद्यावर एकेक चौकोन उगवायला लागला. अर्धा फोटो, मग नुसत्या रंगीत रेघा. मग गाडी, गाडी, गाडी. तात्सुओ टेबलाची कड धरून उभा होता आणि आयुष्यात पहिल्यांदा गाडी दिसली की त्याच्या कपाळाला आठी पडत होती. मग राखाडी पुठ्ठा आला. दोन्ही बाजूंनी लाल लोकरी हातमोज्यांतली बोटं, वर टोपी, खाली कोट, आणि तोंडाच्या जागी पुठ्ठा. पुढचा फोटोही तोच. त्सुयाको तोंडावर हात धरून म्हणाली, अहो, खाली करा ना तो. जसं काही इथून सांगून तो खाली होणार होता.

आणि मग झाला खाली. फुमिए आली. सबंध पडदाभर, छातीपासून वर, मागे धूसर पांढरा डोंगर, टोपीवर चिकटलेला बर्फ. एवढा स्वच्छ फोटो की गालावरची लव दिसावी. तात्सुओच्या घशातून आवाज फुटला, "मिळाला." सेनसेईंनी चष्मा काढला आणि तो पुसत बसले. तेव्हा कुठे तात्सुओनं फोटो नीट पाहिला.

फुमिए रडत होती. थंडीनं डोळ्यांत पाणी येतं तसं नव्हे. ओठ घट्ट मिटलेले, हनुवटी आखडलेली, डोळे काठोकाठ भरलेले आणि एका गालावरून ओघळ खाली आलेला. पुठ्ठ्याआड रडून घेत असावी आणि "खाली घे" म्हटल्यावर आवरायला वेळ मिळाला नसावा. रडत रडत ती सरळ त्याच्याकडे बघत होती, कारण त्यानंच इकडे बघ म्हणून सांगितलं होतं.

त्सुयाकोनं खालची तारीख वाचली आणि परत वाचली.

"ही तारीख बरोबर आहे, भावोजी?"

"कॅमेऱ्यातली आहे. चुकत नाही."

"आदल्या दिवशी डॉक्टरांनी तिला आजाराचं सांगितलं होतं. संध्याकाळी मला फोन आला तिचा. म्हणाली, उद्या मोटारीत दोघंच असू, तेव्हा ह्यांना सांगते."

तात्सुओला तो रस्ता आठवला. अंधारातच निघाले होते, बोगद्यानंतर बर्फ वाढला होता, आणि फुमिए म्हणाली होती, अहो, एक सांगायचं होतं. तो म्हणाला होता, परतताना सांग, आत्ता फोटोची जागा गेली तर सगळं मुसळ केरात. परतताना त्याला आपला फोटो किती झकास आलाय हे सांगायचं होतं. तेच त्यानं घरापर्यंत सांगितलं, आणि ती हं हं करत होती. पुढे तीन आठवड्यांनी डॉक्टरांनीच त्याला बसवून सांगितलं, तेव्हा तो फुमिएवर चिडला होता, की माझ्यापासून लपवलंस म्हणून.

"हा फोटो तुम्ही तेव्हा पाहिला नव्हता?" त्सुयाकोनं विचारलं.

"पाहिला होता."

"मोठा करून?"

"दहापट."

"मग?"

खोटं बोलता आलं असतं, उजेड कमी होता, घाई होती, काहीही. पण ते त्याला जमलं नाही.

"मी पापण्या बघत होतो," तो म्हणाला. "ओल्या होत्या, म्हणून जास्तच स्वच्छ दिसल्या. मला बरं वाटलं."

त्सुयाको उठून पलीकडच्या खोलीत बहिणीपाशी जाऊन बसली. सेनसेईंनी फोटो एका छोट्या कार्डावर घालून टेबलावर ठेवला, लॅपटॉप मिटला आणि वाकून निघून गेले. फेब्रुवारीतल्या त्या दिवशी रांगेत तात्सुओच्या शेजारीच त्यांची तिवई होती. फोकस त्यांनीही तिच्यावरच लावला होता.

दुसरा फोटो नव्हता, त्यामुळे हाच नोझावाच्या हातात गेला. त्यानं तो पाहिला आणि फार हलक्या आवाजात म्हणाला, की काळजी करू नका, हे आमचं रोजचं काम आहे. पाणी काढता येतं, ओठांची टोकं जराशी उचलता येतात, कोटाच्या जागी काळा किमोनो येतो, मागचं सगळं आकाशी करून टाकतो. तात्सुओ हे ऐकून हलला. ह्याच तात्सुओनं मंडळाच्या स्पर्धेत एका सदस्याचा फोटो बाद करायला लावला होता, कारण त्यानं कोपऱ्यातला विजेचा एक खांब काढून टाकला होता. जे होतं ते होतं, म्हणून केवढा वाद घातला होता. आता त्यानं त्सुयाकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "करा. रडत्या ताईला मी लोकांपुढे बसवणार नाही." तात्सुओनं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पांढऱ्या शेवंतीच्या राशीत फुमिए हसत होती. अंगावर तिच्याकडे कधी नव्हता असा किमोनो. हसू नेमकं, बेताचं, आणि तिचं मुळीच नाही. हसताना तिची डावी भुवई वर जायची, एवढं तात्सुओला आता आठवलं, आणि ते दाखवायला त्या कंपनीकडे किंवा जगात कुठेही आता पुरावा नव्हता. डोळे तेवढे खरे होते. त्यातलं पाणी काढलं होतं, पण बाकी त्यांना कुणी हात लावला नव्हता, आणि ते सरळ समोर बघत होते, जिथे तो शोकवस्त्रांत ताठ बसला होता.

लोक येत होते, चिमूटभर उदबत्तीची पूड निखाऱ्यावर घालत होते, हात जोडून वळत होते आणि त्याच्यापुढे वाकत होते. काय सुंदर फोटो आहे, म्हणत होते. शेवटी नवऱ्याचाच हात तो. मंडळाचे लोक खाली मान घालून पुढे सरकले. सेनसेई फोटोकडे न बघताच वाकले. पण शेजाऱ्यांना काय माहीत? पलीकडच्या घरातली म्हातारी होरिकावाबाई तर तिथेच थबकली आणि तिचे डोळे भरून आले.

"भाग्यवान हो, कुरोइवासान," ती म्हणाली. "तुमच्याकडे बघून किती गोड हसतेय बघा."

अशा वेळी आभार मानायची रीत असते. तात्सुओनं दोन्ही हात जमिनीवर टेकवले, कपाळ खाली नेलं आणि म्हणाला, "आभारी आहे." मागे उभी असलेली बाई पुढे आली आणि तीही म्हणाली, किती गोड हसतेय. त्यानं तिचेही आभार मानले.