दुर्कसबाईची साक्ष

मुक्ताच्या हातातला हातोडा खडीवर पडला आणि ती बसल्या जागी कुशीवर कलंडली. शेजारच्या बायांचे हात थांबले, पण उठलं कुणी नाही. तिची सासू राहीबाई टँकरच्या पाण्याला गेली होती. नवरा भिमाजी श्रीगोंद्याकडे ऊसतोडीला. गावची सुईण दुष्काळाला कंटाळून दिवाळीआधीच लेकीकडे निघून गेली होती.

"दिस भरल्यालं, आन् खडीवर आनली व्हय," कुणीतरी म्हणालं.

दुर्कसबाई उठली. पदर खोचून ती मुक्ताजवळ गेली.

"आगं, ती खिरिस्ताव..." मागून एक बाई बोलली.

"मग तू ये पुढं," दुर्कसबाई म्हणाली.

दुर्कसबाई पन्नाशीची विधवा होती. तिच्या आज्याने धर्म बदलला होता. गावाने जात बदलू दिली नव्हती. पाथर्डी तालुक्यातल्या त्या गावात ख्रिस्त्यांची घरं तीनच. लहानपणी मिशनच्या शाळेत चार यत्ता शिकलेली ती बाई उभा जन्म दुसऱ्यांच्या रानात राबली होती. त्र्याहत्तर साली रानात काही उरलंच नव्हतं, म्हणून ती सगळ्या गावाबरोबर सरकारी कामावर खडी फोडत होती.

चार बायांनी लुगडी धरून आडोसा केला. पोर बाहेर आलं ते निळं पडलेलं, मुकं. दुर्कसबाईने त्याच्या तोंडातली घाण बोटाने काढली, त्याच्या ओठांवर ओठ ठेवून हळूहळू फुंकर घातली. बऱ्याच वेळाने ते रडलं. मुलगा होता.

राहीबाई धावत आली. नातू पाहून तिचे डोळे भरले. मग तिने आणलेल्या हंड्यातलं पाणी आधी नातवावर शिंपडलं, मग सुनेवर, मग स्वतःवर.

"उपकार झाले बाई," ती लांबूनच म्हणाली. "पन आता सर तिकडं."

तिसऱ्या दिवशी मुक्ताला ताप भरला. चौथ्या दिवशी तिच्या अंगाची काहिली होऊ लागली, ती बरळू लागली. दुर्कसबाई काम सुटल्यावर राहीबाईच्या दारात जाऊन उभी राहिली.

"राहीबाई, हिला नगरला न्या. मिशनच्या दवाखान्यात. मी संगं येते."

"तितं नेऊन बाटवायचीय व्हय माझी सून?"

"आवो, बाटवत न्हाई कुनी. सुया देत्यात. बाळंतरोग हाय, घरात न्हाई हटायचा."

"भिमाजी आल्याबिगर मी कुटंबी न्हेनार न्हाई."

पाचव्या दिवशी राहीबाई पाण्याच्या रांगेत असताना दुर्कसबाई घरात शिरली. मुक्ताचे ओठ तडकले होते. तिने दुर्कसबाईला ओळखलं.

"मावशी, तुमचा देव बाईमानसाचं ऐकतो का?"

"ऐकतो गं."

"मग त्याला सांगा, माझ्या लेकराला दूध मिळू द्या. माझं आटलंय."

दुर्कसबाईने तिच्या कपाळावर हात ठेवला आणि डोळे मिटून तेवढंच मागितलं. वर काही नाही. दुपारपर्यंत मुक्ता गेली. भिमाजी तिसऱ्याला येऊन पोहोचला, आणि दहावं झाल्यावर पुन्हा कोयता घेऊन निघून गेला. पोर शेळीच्या दुधावर राहिलं.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी नगरला चर्चच्या भगिनी मंडळाची सभा असे. प्रत्येकीने उभं राहून महिनाभरात कुणाला प्रभूविषयी सांगितलं याची साक्ष द्यायची. दुर्कसबाई दर वेळी मागे बसून नुसती ऐकत असे. त्या रविवारी अध्यक्षा पुष्पावतीबाई म्हणाल्या, "दुर्कसबाई, तुम्ही कधीच काही सांगत नाही. खेड्यात राहता, आत्म्यांचं एवढं पीक उभं आहे तुमच्यासमोर!"

तिच्या मनात मुक्ता ठसठसत होती. कुणाला तरी सांगावं असं वाटून ती उभी राहिली आणि झालं ते सगळं सांगितलं. सांगताना रडली. बायांनीही डोळ्यांना पदर लावले.

पंधरा दिवसांनी चर्चच्या मंडळीचं पत्रक निघालं. त्यात पुष्पावतीबाईंनी लिहिलं होतं की अमक्या गावची मुक्ता नावाची हिंदू भगिनी आमच्या दुर्कसबाईंच्या साक्षीने शेवटच्या घटकेला प्रभूची झाली.

ते पत्रक हिंडत हिंडत गावात आलं आणि मुकादम छगनच्या हाती पडलं. त्याने ते खडीच्या ढिगाऱ्यावर उभं राहून मोठ्याने वाचलं. हातोडे थांबले. राहीबाई नातवाला झोळीतून काढून छातीशी धरून आली.

"बाटवलीस माझ्या सुनंला? मरताना?"

"न्हाई वो. देवाशपथ न्हाई."

"मग ह्यात खोटं छापलंय व्हय?"

"व्हय. खोटं हाय त्ये."

छगन खाली उतरला. "हे बग दुर्काबाय, सगळ्यांम्होरं सांग. मी तिच्या घरात गेले न्हाई, तिच्यासाटी पराथना केली न्हाई. मिटलं."

दुर्कसबाईने राहीबाईकडे पाहिलं. त्या बाईचे डोळे अक्षरशः भीक मागत होते. 'नाही' एवढा एकच शब्द हवा होता तिला.

"गेले हुते," दुर्कसबाई म्हणाली. "तिनं मागितलं म्हनून पराथना केली. लेकराच्या दुधासाटी. बाटवली न्हाई."

पहिला खडा कुणी मारला ते तिला दिसलं नाही. तो कानामागे लागला. दुसरा राहीबाईने मारला.

दुसऱ्या दिवशी हजेरीत तिचं नाव नव्हतं. टँकरवर कुणीतरी तिचा हंडा लाथेने उडवला. उरलेल्या दोन ख्रिस्ती घरांनीही तिच्याशी बोलणं टाकलं. त्यांना याच गावात राहायचं होतं.

ती नगरला पुष्पावतीबाईंकडे गेली. कानाला चिंधी बांधलेली होती.

"बाई, तेवढं खोटं झालं म्हनून छापा. राहीबाईच्या जिवाला घोर लागलाय, सून बिनगतीची गेली म्हनून."

"असं कसं करता येईल? कितीतरी जणींचा विश्वास दृढ झालाय त्या साक्षीने." पुष्पावतीबाईंनी तिच्यापुढे चहाची कपबशी सरकवली. "प्रभूसाठी दगड खाल्लेत तुम्ही. धन्य समजा स्वतःला."

चहा तसाच ठेवून दुर्कसबाई उठली.

मार्च सरता सरता तिने घराला कडी घातली. नेवाशाकडे बहीण होती, तिथं काहीतरी काम मिळेल म्हणून निघाली. नगरची एस.टी. दिवसातून दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी. सकाळच्या गाडीत ती खिडकीशी जाऊन बसली.

गाडी सुटायला आली तेव्हा राहीबाई धापा टाकत आली. काखेत नातू होता. त्याची मान लटकत होती, डोळे खोल गेले होते. रात्रीपासून हगवण लागली होती.

"नगरला, मिशनच्या दवाखान्यात जायचंय," ती कंडक्टरला म्हणाली आणि पायरीवर पाय ठेवला. तेवढ्यात तिला दुर्कसबाई दिसली.

तिने पाय मागे घेतला. पदर ओढून पोराचं तोंड झाकलं.

"चला बाई, चढा लवकर," कंडक्टर म्हणाला.

"ती हाय तवर न्हाई. सांच्याच्या गाडीनं जाईन."

"आवो, पोर सांजंपर्यंत..." कंडक्टर पोराकडे बघत म्हणाला.

राहीबाई खाली मान घालून उभी राहिली. पदराखालून पोराचा आवाजही येत नव्हता.

दुर्कसबाईने बोचकं उचललं. माणसांच्या गुडघ्यांमधून वाट काढत ती दारापर्यंत आली आणि उतरली. राहीबाईला अंग चोरावं लागू नये म्हणून गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली.

राहीबाई चढली. दार लागलं. कंडक्टरने घंटी मारली.

धुरळा बसेपर्यंत दुर्कसबाई थांबली. मग बोचकं डोक्यावर घेऊन त्याच रस्त्याने नगरकडे चालू लागली.