सगळं वाजवणारं यंत्र

"हे यंत्र नको, वहिनी," कुरिमोतोसान माझ्या काउंटरवर बोट आपटत म्हणाले. "सगळ्या तबकड्या वाजवतं म्हणजे एकही धड वाजवत नाही. तातेबे असता, तर त्यानं हे उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नसतं."

"ते नाहीत म्हणूनच घ्यायला आलेय," मिसाओबाई म्हणाल्या.

मला हसू आवरेना. ओसाकाच्या या बाजारात स्टिरिओ विकण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. या कुरिमोतोसानांनी माझ्या दुकानात तासन्‌तास फुकट गाणी ऐकायची आणि जाताना मालाला नावं ठेवायची. त्यांचं नाक खाली होताना बघायला मी कधीचा टपून होतो.

तातेबेसान म्हणजे मिसाओबाईंचे यजमान आणि कुरिमोतोसानांचे जिगरी दोस्त. घरातल्या मोठ्या खोलीत त्यांनी स्टिरिओ मांडला आणि त्या दिवसापासून बायकोला खोली बंद झाली. रविवारी मित्र जमत. आतून ‘चहा!’ अशी हाक आली की बाई सरकतं दार ट्रे मावेल एवढंच उघडत, ट्रे आत सारत आणि हात मागे घेत. पावलांचा आवाज झाला तरी नवरा खेकसायचा. बाईंना आवडायची बंदरावरच्या ताटातुटीची गाणी. तो त्यांना रडगाणी म्हणायचा.

बाईंनी पिशवीतून बिस्किटांचा डबा काढला. त्यात साध्या सीडी होत्या, गाण्यांच्या कार्यक्रमांच्या डीव्हीडी होत्या आणि एक नव्या जातीची तबकडी होती. स्वयंपाकघरातल्या त्यांच्या छोट्या यंत्रात ती चालतच नव्हती.

"ही एकदा त्यांच्याकडे नेली होती. म्हणाले, माझं यंत्र बाटवू नकोस."

मी तीच तबकडी आधी कुरिमोतोसानांच्या पसंतीच्या महागड्या यंत्रात घातली. ते नुसतंच गरगरलं आणि गप्प बसलं. मग सगळं वाजवणाऱ्यात घातली. गाणारी बाई श्वास घेऊन गायला लागली, तशी मिसाओबाईंनी डबा छातीशी धरला.

"हेच द्या. आमच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडता येईल ना?"

"म्हणजे काय! दोन तारांचं काम."

"अ‍ॅम्प्लिफायरला?" कुरिमोतोसान दचकले. "वहिनी, तो मला द्यायचं तातेबे म्हणाला होता."

मृत्यूनंतर एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी उरकले की गेलेल्याच्या वस्तू त्याच्या मित्रांना आठवण म्हणून द्यायच्या, ही आमची रीत. हा माणूस वहिनींच्या मागे मागे का फिरतोय, ते मला आत्ता कळलं.

"एकोणपन्नासाव्या दिवशी या," बाई गोड हसल्या. "रिकाम्या हातानं पाठवणार नाही."

त्या दिवशी मीही यंत्र लावून द्यायला गेलो. भिक्षू मंत्र म्हणून गेले होते, जेवणं झाली होती. कुरिमोतोसान अ‍ॅम्प्लिफायर गुंडाळायला जाड घोंगडी घेऊन दाराशी उभे होते. मी तारा जोडून यंत्र सुरू केलं, तेवढ्यात बाई आल्या. हातात कडा झिजलेला काळा ट्रे.

"ही तुमची आठवण. इतकी वर्षं यातलाच चहा प्यायलात. कधी नीट बघितला नसेल, मान वर कुठे करत होतात?"

कुरिमोतोसानांचे कान लाल झाले. "आणि अ‍ॅम्प्लिफायर?"

"तो आता कामात आहे. बसा स्वयंपाकघरात, तिथनंही छान ऐकू येतं. मला विचारा!"

आणि बाईंनी त्यांच्या तोंडावर दार सरकवलं. मला तर टाळी वाजवावीशी वाटली.

बाई नवऱ्याच्या खुर्चीत बसल्या. पाय जमिनीला टेकत नव्हते. गाणं संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत. मग अगदी तातेबेसानांच्या सुरात त्यांनी हाक दिली.

"चहा!"

आता बाहेरचं दार आपटणार, असं मला वाटलं. पण अ‍ॅम्प्लिफायरची आशा सुटली नसावी. किटली ठेवल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं दार ट्रे मावेल एवढंच सरकलं. काळा ट्रे आत आला, हात मागे गेला, दार लागलं.

जिंकल्या बाई! मी हसत त्यांच्याकडे वळलो. त्या हसत नव्हत्या. बंद दाराकडे बघत होत्या.

"इथनं एवढंच दिसायचं होय," त्या म्हणाल्या. "नुसता हात."

चहा तसाच निवत राहिला.