खालपर्यंत ऐकू जाईल असा

"आवाज नको असेल तर हा घ्या ताई," दुकानदाराने मऊ कळांचा कीबोर्ड पुढे सरकवला. "मेकॅनिकल आहे, दणकट आहे, आणि शेजारच्या खोलीत पत्तासुद्धा लागणार नाही."

"लागायला हवा," ती म्हणाली. "खालच्या मजल्यावर ऐकू जाईल असा दाखवा."

ती घरबसल्या साक्षीजबान्या टाइप करायची. आधीचे दोन साधे कीबोर्ड नवऱ्याने मोडले होते, दुसरा तर तिच्या पाठीवर. आयत्या बिळावरचा नागोबा. बायकोच्या कमाईवर जेवायचा आणि वर तिलाच बडवायचा. हातातल्या पैशांत दोनच मेकॅनिकल कीबोर्ड बसत होते, तो मुका आणि एक निळ्या कळांचा, प्रत्येक कळ खट्ट वाजणारा. तिने खट्ट वाजणारा घेतला.

बेत खालच्या मजल्यावरच्या टायपिंगच्या बाईंचा. तीस वर्षं त्यांनी क्लास चालवला, हिलाही त्यांनीच शिकवलं. दहाच्या दहा बोटं चालली नाहीत तर पट्टी बसायची. "काम संपलं की स्पेसबार तीनदा दाब," बाई म्हणाल्या होत्या. "त्याशिवाय खटखट थांबली, तर मी वर आलेच म्हणून समज."

दोनदा बाई वर आल्या आणि दोनदा उगारलेला हात खाली आला. मग त्या दीडशहाण्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

त्या दिवशी त्याने आतून कडी लावली. केसांना धरून तिला खुर्चीवरून ओढलं, डोकं भिंतीवर आपटलं, पोटात लाथ घातली. ती टेबलाकडे सरपटली तेव्हा त्याने तिच्या हातावर टाच रोवली. करंगळी काटकीसारखी मोडली. मग तो स्वतः खुर्चीत बसला आणि कळा बडवू लागला.

"ऐकू दे म्हातारीला," तो म्हणाला. "तुझं काम जोरात चाललंय."

आज हा आपल्याला जिवंत ठेवत नाही, असं तिला वाटलं. कान मात्र त्या आवाजाकडेच होते. खट्ट. थांबून पुन्हा खट्ट. वर्गात असं कुणी टाइप केलं असतं तर! फुटलेल्या ओठांवर तिला हसू आलं.

"हसतेस कशाला?" त्याने कीबोर्ड उचलून तिच्या डोक्यावर उगारला.

तेवढ्यात दार धडधडलं.

"दोन बोटांनी कोण बडवतंय रे?"

तिसऱ्या धक्क्याला कडी निखळली. बाईंच्या मागे तळमजल्यावरचा लोहार होता, हातात पहार घेऊन. नवरा त्याच्या अंगावर धावला. पहार गुडघ्यावर बसली आणि तो गुरासारखा ओरडत कोसळला. लोहार त्याच्या छातीवरच बसला.

बाईंनी जमिनीवर पडलेला कीबोर्ड उचलला, निखळलेली एक कळ दाबून बसवली.

"तक्रार लिहायची आहे, पोरी. मी लिहू, की तू टाइप करतेस?"

ती खुर्चीत बसली आणि नऊ बोटांनी सुरुवात केली. बाई शेजारी उभ्या होत्या. या खेपेला त्या बोटांबद्दल काही बोलल्या नाहीत.